भिंगाविना सूक्ष्मदर्शक: होलोग्रामवरून पेशींचे विश्लेषण

या पाठात आपण एक असा सूक्ष्मदर्शक पाहणार आहोत, ज्यात वस्तुभिंग नाही, नेत्रिका नाही, एकही भिंग नाही. तरीही तो पेशी दाखवतो, मोजतो आणि काही वेळा त्यांचे वजनही सांगतो. पाठ समजण्यासाठी प्रकाशाचे व्यतिकरण, विवर्तन आणि संमिश्र संख्या यांची पदवीच्या पहिल्या वर्षापुरती ओळख पुरेशी आहे. पाठ संपल्यावर तुम्हाला दोन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: भिंगाचे काम संगणकाकडे कसे जाते, आणि संगणकाने दिलेल्या चित्रावर कितपत विश्वास ठेवता येतो.

१. प्रश्न कोठून सुरू होतो?

पांढऱ्या रक्तपेशी मोजण्याचे प्रात्यक्षिक तुम्ही केले असेल, निदान पाहिले तरी असेल. रक्त टर्कच्या द्रावणात १:२० या प्रमाणात पातळ करायचे, न्यूबाउअर मोजणी कक्षात भरायचे आणि चार कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांतील पेशी मोजायच्या. प्रत्येक मोठा चौकोन १ चौरस मिलिमीटरचा आणि कक्षाची खोली ०.१ मिलिमीटर, म्हणून चार चौकोनांत एकूण ०.४ मायक्रोलिटर द्राव असतो.

समजा रक्तात दर मायक्रोलिटरला ६,००० पांढऱ्या पेशी आहेत. पातळ केल्यावर त्या ३०० होतात आणि चार चौकोनांत सुमारे १२० पेशी दिसतात. यादृच्छिक विखुरलेल्या वस्तू मोजताना येणारी चूक साधारणपणे संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. १२० चे वर्गमूळ सुमारे ११, म्हणजे मोजणाऱ्याने काहीही चूक केली नाही तरी ९ टक्के अनिश्चितता उरतेच. ती कमी करायची तर जास्त पेशी मोजायला हव्यात, म्हणजे जास्त क्षेत्र पाहायला हवे.

भिंगांच्या सूक्ष्मदर्शकाची अडचण नेमकी इथे आहे. वर्धन वाढवले की दृष्टिक्षेत्र आक्रसते. १००× च्या तेल-निमज्जन वस्तुभिंगातून एका वेळी साधारण ०.२ मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ दिसते, म्हणजे सुमारे ०.०३ चौरस मिलिमीटर. म्हणूनच हिवतापासाठी रक्त तपासणारा तंत्रज्ञ काचपट्टी सरकवत एकामागून एक शंभरेक क्षेत्रे पाहतो आणि मगच ‘जंतू आढळले नाहीत’ असे लिहितो. हे काम डोळ्यांना थकवणारे आहे, आणि दुर्गम भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात ते करणारा अनुभवी माणूस दररोज असेलच असे नाही.

२. उपकरणाची रचना

भिंगाविना सूक्ष्मदर्शकात वरून खाली चारच गोष्टी असतात: एलईडी किंवा लेझर, त्याच्यापुढे एक बारीक छिद्र, पेशींची काचपट्टी आणि तिच्या अगदी खाली कॅमेऱ्याचा सेन्सर. छिद्रापासून काचपट्टीचे अंतर काही सेंटिमीटर, तर काचपट्टीपासून सेन्सरचे अंतर मात्र १ मिलिमीटरच्या आसपास.

या विषम अंतरांचा एक परिणाम असा, की पेशींची सावली मोठी होत नाही. वर्धन जवळपास १ च राहते आणि त्यामुळे दृष्टिक्षेत्र सेन्सरच्या संपूर्ण क्षेत्रफळाएवढे मिळते. २.२ मायक्रोमीटरचे ५० लाख पिक्सेल असलेला साधा सेन्सर घेतला तर हे क्षेत्र सुमारे २४ चौरस मिलिमीटर भरते. वर सांगितलेल्या तेल-निमज्जन क्षेत्राच्या ते ७५० पटींहून जास्त आहे.

दुसरा परिणाम प्रकाशस्रोताबाबतचा. स्पष्ट वलये उमटण्यासाठी स्रोत बिंदूवत असावा लागतो. पण छिद्राचा आकार सेन्सरवर अंतरांच्या गुणोत्तराने लहान होऊन पोचतो. छिद्र १०० मायक्रोमीटरचे, स्रोत १०० मिलिमीटर दूर आणि सेन्सर पेशीखाली १ मिलिमीटर असेल, तर छिद्रामुळे येणारा पुसटपणा फक्त १ मायक्रोमीटरचा. म्हणून महाग लेझरची गरज राहत नाही, साधा एलईडी चालतो. मोबाइल फोनमुळे लहान पिक्सेलचे सेन्सर मोठ्या संख्येने बनू लागले आणि ही रचना स्वस्तात शक्य झाली. २०१० मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील आयडोगान ओझकान यांच्या गटाने याच तत्त्वावरचा सुमारे ४६ ग्रॅम वजनाचा सूक्ष्मदर्शक प्रसिद्ध केला.

३. सेन्सरवर नेमके काय उमटते?

पेशीवर आलेल्या प्रकाशाचा थोडासा भाग पेशीमुळे विखुरतो. त्याला वस्तुतरंग म्हणू. उरलेला बराचसा प्रकाश सरळ पुढे जातो. तो संदर्भतरंग. दोन्ही सेन्सरवर एकमेकांत मिसळतात. संदर्भतरंगासाठी ‘सं’ आणि वस्तुतरंगासाठी ‘व’ या संमिश्र संख्या घेतल्या, तर सेन्सर नोंदवतो ती तीव्रता अशी:

तीव्रता = |सं + व|² = |सं|² + |व|² + सं*व + संव*

(येथे * ही संमिश्र अनुबद्धाची खूण आहे.) पहिली दोन पदे म्हणजे एकेकट्या तरंगाची तीव्रता. खरी माहिती शेवटच्या दोन पदांत आहे. सेन्सरला प्रकाशाची कला कळत नाही. कला म्हणजे तरंग आपल्या आवर्तनात कोठवर आला आहे ती अवस्था. सेन्सर फक्त ऊर्जा मोजतो. पण वस्तुतरंग संदर्भतरंगात मिसळला की त्याची कला उजेड-अंधाराच्या पट्ट्यांत लिहिली जाते. अशा नोंदीला होलोग्राम म्हणतात.

ही कल्पना डेनिस गॅबर यांची. ते इंग्लंडमध्ये रग्बी येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक सुधारण्याच्या प्रयत्नात होते. त्या सूक्ष्मदर्शकाची भिंगे सदोष होती आणि दोष काढणे अवघड होते. तेव्हा आधी संपूर्ण तरंग नोंदवून घ्यावा आणि दोष नंतर दुरुस्त करावा, असा विचार त्यांनी मांडला. तो १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९७१ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही तरंग एकाच रेषेत चालण्याची गॅबर यांची ती मूळ मांडणीच आपल्या उपकरणात आहे. फरक एवढाच, की फोटोच्या काचेऐवजी सेन्सर आला आणि पुनर्रचनेचे काम संगणकाकडे गेले. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नोंदवलेल्या होलोग्रामवरून संगणकाने प्रतिमा काढून दाखवण्याचे काम गुडमन आणि लॉरेन्स यांनी १९६७ मध्येच केले होते.

४. वलयांचा हिशेब

न्यूटनच्या वलयांचा प्रयोग तुम्ही सोडियम दिव्याखाली केला असेल. त्यात वलयाच्या त्रिज्येचा वर्ग क्रमांकाच्या प्रमाणात वाढतो. इथेही तोच नियम आहे, कारण येथेही एक सपाट तरंग आणि एक वक्र तरंग एकमेकांना भेटतात. मध्यापासून त्रिज्येएवढ्या अंतरावर वस्तुतरंगाला जास्तीची वाट चालावी लागते:

जास्तीची वाट ≈ त्रिज्या² ÷ (२ × पेशी-सेन्सर अंतर)

ही वाट एका तरंगलांबीएवढी झाली की मध्यावरची स्थिती पुन्हा येते. तरंगलांबी ०.५३ मायक्रोमीटर (हिरवा प्रकाश) आणि अंतर १,००० मायक्रोमीटर घेतले, तर ही त्रिज्या सुमारे ३३ मायक्रोमीटर येते आणि चौथ्या वेळी ६५ मायक्रोमीटर. म्हणजे साडेसात मायक्रोमीटर व्यासाची तांबडी पेशी सेन्सरवर स्वतःहून कितीतरी मोठ्या वर्तुळात पसरते. कच्च्या होलोग्राममध्ये पेशी शोधू गेलात तर पेशी दिसणार नाही. पाण्यात खडे टाकल्यावर उठावीत तशी वलयेच दिसतील.

बाहेर जावे तशी वलये दाट होत जातात. त्यांच्यातील अंतर सुमारे (तरंगलांबी × पेशी-सेन्सर अंतर ÷ त्रिज्या) एवढे असते. एक पट्टा नोंदवायला किमान दोन पिक्सेल लागतात, म्हणजे २.२ मायक्रोमीटरच्या पिक्सेलसाठी ४.४ मायक्रोमीटर. हिशेब केला तर १२० मायक्रोमीटर त्रिज्येच्या पलीकडची वलये सेन्सरला पकडता येत नाहीत. बारीक तपशील या बाहेरच्या वलयांतच असतो. त्यामुळे अशा उपकरणाची विभेदनक्षमता साधारण पिक्सेलएवढी, म्हणजे दोनेक मायक्रोमीटर राहते.

एलईडीमुळे आणखी नुकसान होते का? २० नॅनोमीटर रुंदीच्या वर्णपटाच्या एलईडीची सुसंगत लांबी सुमारे १४ मायक्रोमीटर असते. १२० मायक्रोमीटर त्रिज्येवर जास्तीची वाट ७ मायक्रोमीटर आहे. तेव्हा येथे अडथळा एलईडीचा नाही, पिक्सेलचा आहे. तो ओलांडण्यासाठी स्रोत किंचित हलवून अनेक होलोग्राम घेतात. पिक्सेलच्या अंशाएवढ्या सरकलेल्या या नोंदी एकत्र केल्या की पिक्सेलपेक्षा बारीक तपशील हाती येतो.

५. संगणक भिंगाचे काम कसे करतो?

भिंग विखुरलेल्या किरणांना पुन्हा एकत्र आणते. संगणकाला तेच गणिताने करायचे असते. पायऱ्या अशा:

• रिकाम्या काचपट्टीचे चित्र घेऊन त्याने होलोग्रामला भागणे, म्हणजे धूळ आणि असमान उजेड यांचा परिणाम कमी होतो.
• होलोग्रामचे फूरिये रूपांतर करणे. याचा अर्थ, तरंगाचे वेगवेगळ्या दिशांनी जाणाऱ्या सपाट तरंगांत विभाजन करणे.
• प्रत्येक सपाट तरंगाला उलटे चालवणे. तेवढे अंतर चालताना त्याची कला ३६०° × अंतर × कोनाचा कोसाइन ÷ तरंगलांबी इतकी बदलते. ती वजा करायची.
• उलट फूरिये रूपांतर करून सर्व तरंग पुन्हा एकत्र करणे.
• वेगवेगळी अंतरे वापरून पाहणे आणि जेथे कडा सर्वांत रेखीव दिसतील ते अंतर निवडणे.

शेवटची पायरी नीट समजून घ्या. भिंगाच्या सूक्ष्मदर्शकात फोकस आधी साधावा लागतो आणि चुकला की चित्र गेले. येथे फोकस नंतर, संगणकावर साधता येतो, तोही प्रत्येक पेशीसाठी वेगळा. म्हणून द्रावात वरखाली पोहणाऱ्या पेशींचा माग काढता येतो. २०१२ मध्ये ओझकान यांच्याच गटाने मानवी शुक्राणूंचे त्रिमितीय मार्ग अशा पद्धतीने नोंदवले. त्यात मळसूत्रासारखे फिरत जाणारे शुक्राणूही दिसले.

६. जुळी प्रतिमा: न टळणारी अडचण

विभाग ३ मधील समीकरणात शेवटची दोन पदे होती. एकातून पेशीची प्रतिमा मिळते, दुसऱ्यातून तिची अनुबद्ध, म्हणजे जुळी प्रतिमा. ती सेन्सरच्या पलीकडे तितक्याच अंतरावर फोकस होते. आपण खरी पेशी रेखीव केली की तिच्यावर जुळीची धूसर वलये पसरतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लीथ आणि उपात्निएक्स यांनी संदर्भतरंग तिरपा आणून दोन्ही प्रतिमा वेगळ्या केल्या, पण त्यासाठी लेझर आणि वेगळी मांडणी लागते. आपल्या साध्या उपकरणात तो मार्ग बंद आहे.

यामागचे मूळ कारण असे, की सेन्सरच्या पातळीवर आपल्याला आयाम माहीत आहे, कला नाही. एकाच तीव्रतेला अनेक तरंग जुळू शकतात. कला शोधायची तर आणखी अटी घालाव्या लागतात. एक मार्ग म्हणजे सेन्सरची उंची थोडी थोडी बदलून अनेक होलोग्राम घेणे. खरा तरंग तोच, जो सर्व उंचींवरील नोंदींशी जुळेल. संगणक एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर तरंग नेतो, आयाम नोंदीप्रमाणे बदलतो, कला तशीच ठेवतो आणि हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवतो. अशा चक्राची कल्पना १९७२ मध्ये गेर्खबर्ग आणि सॅक्स्टन यांनी दिली.

७. कला का हवी? रंजकाविना पेशीचे वजन

बहुतेक पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. त्या प्रकाश फारसा शोषत नाहीत, त्याला फक्त उशीर करतात. म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकात त्या दिसाव्यात यासाठी रंजक वापरतो. होलोग्राममधून मात्र तो उशीरच थेट मिळतो:

कला-फरक = ३६०° × (पेशीचा अपवर्तनांक − द्रावाचा अपवर्तनांक) × जाडी ÷ तरंगलांबी

सलाइनमधील तांबड्या पेशीसाठी अपवर्तनांकांतील फरक सुमारे ०.०६ आणि जाडी २ मायक्रोमीटर घ्या. उत्तर सुमारे ८०° येते. डोळ्याला जवळपास न दिसणारी पेशी कलेच्या चित्रात अशी ठळक उठून येते.

याच्यापुढची गोष्ट जास्त उपयोगाची आहे. प्रथिनांमुळे द्रावाचा अपवर्तनांक त्यांच्या प्रमाणात वाढतो, हे १९५२ च्या सुमारास बॅरर तसेच डेव्हिस आणि विल्किन्स यांनी पेशींसाठी वापरून दाखवले. ही वाढ बहुतेक प्रथिनांसाठी दर पिकोग्रॅमला सुमारे ०.१९ घन मायक्रोमीटर असते. म्हणून पेशीच्या प्रत्येक बिंदूवरील मार्गफरकाची क्षेत्रफळभर बेरीज केली आणि ०.१९ ने भागले, की पेशीतील कोरड्या पदार्थाचे वस्तुमान मिळते.

करून पाहा. तांबड्या पेशीचे आकारमान सुमारे ९० घन मायक्रोमीटर. त्याला ०.०६ ने गुणले तर ५.४. त्याला ०.१९ ने भागले तर सुमारे २८ पिकोग्रॅम. आता घरातील कोणाच्याही सीबीसी अहवालात ‘एमसीएच’ ही नोंद पाहा. ती म्हणजे एका तांबड्या पेशीतील सरासरी हिमोग्लोबिन, आणि निरोगी माणसात ती साधारण २७ ते ३२ पिकोग्रॅम असते. तांबड्या पेशीतील कोरडा पदार्थ जवळपास सगळा हिमोग्लोबिनच असतो, म्हणून दोन्ही आकडे जुळतात. अहवालातील आकडा लाखो पेशींची सरासरी आहे. होलोग्राममधून तोच आकडा एकेका पेशीसाठी मिळतो. लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयात फिक्या आणि निरोगी पेशी सरमिसळ असतात, तेव्हा सरासरीत हरवणारा हा फरक दिसू शकतो.

८. मोजणीत काय फायदा झाला?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. ०.१ मिलिमीटर खोलीचा कक्ष २४ चौरस मिलिमीटरच्या सेन्सरवर ठेवला तर एका चित्रात २.४ मायक्रोलिटर द्राव येतो. तेच पातळ केलेले रक्त घेतले तर ७२० पांढऱ्या पेशी मोजता येतात. वर्गमूळ सुमारे २७, म्हणजे अनिश्चितता ९ वरून ४ टक्क्यांखाली आली. अर्थात रक्त पातळ करताना किंवा कक्ष भरताना झालेली चूक यामुळे सुधारत नाही. ती हाताची चूक आहे आणि उपकरण कितीही चांगले असले तरी ती तशीच राहते.

९. कुठे विश्वास ठेवावा, कुठे थांबावे?

काही मर्यादा भौतिक आहेत. सरळ प्रकाश पुरेसा उरला तरच संदर्भतरंग शुद्ध राहतो. पातळ न केलेल्या रक्तात पेशी इतक्या दाट असतात, की संदर्भच बिघडतो. पेशीच्या आतील एखाद्या मायक्रोमीटरच्या रचना, उदाहरणार्थ हिवतापाच्या जंतूची सुरुवातीची वलयाकृती अवस्था, साध्या एका होलोग्राममधून ओळखण्याची आशा धरू नये. विभाग २ मधील ७५० पटींचा आकडा क्षेत्राचा आहे, तपशिलाचा नाही.

दुसरी मर्यादा जास्त सावधपणे समजून घेण्यासारखी आहे. २०१८ च्या सुमारास न्यूरल नेटवर्क वापरून एकाच होलोग्राममधून जुळी प्रतिमा काढून टाकता येते असे दिसून आले. पद्धत वेगवान आहे आणि चित्रे सुरेख येतात. पण नेटवर्क हरवलेली कला आधी पाहिलेल्या उदाहरणांच्या आधारे भरते. ते फक्त निरोगी पेशींवर शिकले असेल, तर आजारी पेशीलाही निरोगी रूप देण्याचा धोका असतो. असे चित्र पुसट नसते, रेखीव असते, आणि म्हणूनच ते फसवते.

तपासायचे कसे? मिळालेला तरंग संगणकावर पुन्हा सेन्सरपर्यंत चालवा आणि त्याची तीव्रता मूळ होलोग्रामशी ताडून पाहा. जुळली नाही तर चित्र नक्की चुकीचे. जुळली तर मात्र ते बरोबर असू शकते, एवढेच म्हणता येते, कारण एका तीव्रतेला अनेक तरंग जुळतात. म्हणून दुसऱ्या उंचीवरचा, पुनर्रचनेत न वापरलेला होलोग्राम ठेवावा आणि त्याच्याशीही ताडावे. शिवाय माहीत असलेल्या व्यासाचे पॉलिस्टायरीनचे मणी मोजून उपकरण प्रमाणित करावे, आणि काही नमुने अनुभवी तंत्रज्ञाने रंजक लावून, भिंगाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पडताळावेत. रुग्णाच्या उपचाराचा निर्णय अहवालावर होतो, तेव्हा ही पडताळणी टाळता येत नाही.

१०. सारांश

• भिंगाविना सूक्ष्मदर्शक पेशीचे चित्र घेत नाही. तो व्यतिकरणाची वलये नोंदवतो आणि चित्र नंतर संगणकावर तयार होते.
• दृष्टिक्षेत्र सेन्सरएवढे मिळते, विभेदनक्षमता मुख्यतः पिक्सेलवर ठरते.
• नोंदीत कला थेट मिळत नाही. ती शोधून काढल्यावरच रंजकाविना पेशी पाहता आणि तोलता येतात.
• पुनर्रचित चित्र हा गणिताने काढलेला निष्कर्ष आहे. निष्कर्षाला पुरावा लागतो.

स्वाध्याय

१. तरंगलांबी ०.६३ मायक्रोमीटर आणि पेशी-सेन्सर अंतर ०.५ मिलिमीटर असताना जास्तीची वाट एका तरंगलांबीएवढी होईल अशी त्रिज्या काढा. (उत्तर: सुमारे २५ मायक्रोमीटर)

२. एका तांबड्या पेशीचे आकारमान ७० घन मायक्रोमीटर आणि अपवर्तनांकांतील फरक ०.०५ आहे. तिच्यातील हिमोग्लोबिन किती? ते निरोगी मर्यादेत आहे का? (उत्तर: सुमारे १८ पिकोग्रॅम, नाही)

३. एका उपकरणाने अतिशय रेखीव चित्र दिले, पण मूळ होलोग्राम जपून ठेवला नाही. अशा चित्रावरून निदान करावे का? विभाग ६ आणि ९ च्या आधारे कारणांसह लिहा.